‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलं?

सी++ मधलं एखादं फंक्शन रन-टाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, व्यवस्थित चालतं, टेस्टही पास होतात. त्याच फंक्शनचा निकाल एखाद्या कॉन्स्टएक्स्प्र (किंमत कंपाइल होतानाच ठरायला हवी असं सांगणारा शब्द) व्हेरिएबलमध्ये ठेवायला गेलं की कंपायलर अडून बसतो आणि वर एवढंच सांगतो, की हे कॉन्स्टंट एक्स्प्रेशन, म्हणजे कंपाइल होतानाच किंमत निघेल असं एक्स्प्रेशन, नाही. कुठली ओळ, कुठली किंमत, कुठला नियम, याचा पत्ता नाही. एमएसव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरमधल्या सी२१३१ या एररचं शीर्षक तर ‘एक्स्प्रेशनमधून कॉन्स्टंट निघाला नाही’ इतक्यावरच संपतं.

हा संदेश इतका कोरडा का असतो ते एकदा कळलं, की त्यातून माहिती काढणं फारसं अवघड राहत नाही. आणि फंक्शन तुम्हीच लिहिलेलं असेल, तर चांगला संदेश देणंही बरंचसं तुमच्याच हातात असतं.

सी++ कंपायलरच्या पोटात एक छोटा इंटरप्रिटर असतो. कॉन्स्टएक्स्प्र फंक्शन कंपाइल होतानाच चालवायचं असेल, तर त्याचा मशीन कोड तयार करून तो चालवला जात नाही. हा इंटरप्रिटर कोडच्या झाडावरून एकेक पायरी चढत-उतरत किंमत काढतो. रस्ट या दुसऱ्या भाषेचा कंपायलर हेच काम एमआयआर या आपल्या मधल्या रूपावर करतो. म्हणजे कंपाइल-टाइमला तुमचा प्रोग्राम खरोखर ‘चालतो’, आणि तिथे येणारा एरर हा व्याकरणाचा नसून मध्येच कोसळलेल्या प्रोग्रामचा असतो. फक्त तो कोसळला तेव्हा ना स्क्रीनवर काही छापलं गेलं होतं, ना डीबगर जोडलेला होता.

आता खरी गोम. या इंटरप्रिटरला कंपायलर दिवसभर एकच प्रश्न विचारत असतो: ‘याची किंमत आत्ता काढता येईल का?’ साधा कॉन्स्ट इंट घेऊन त्यात फंक्शनचा निकाल ठेवला, तरी हा प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘नाही’ आलं तर काहीच बिघडत नाही, किंमत रन-टाइमला काढली जाते. त्यामुळे ‘नाही’ हे इंटरप्रिटरच्या दृष्टीने रोजचं, बिनबोभाट उत्तर आहे. जीसीसी या कंपायलरमध्ये तर यासाठी मूल्यमापनाचे दोन प्रकारच आहेत, एक मुकाट आणि एक बोलका. मुकाट प्रकारात कारण सांगितलंच जात नाही. जिथे भाषेच्या नियमाने किंमत मिळालीच पाहिजे, तिथेच बोलका प्रकार वापरला जातो: कॉन्स्टएक्स्प्र व्हेरिएबल, स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट), अ‍ॅरेचा आकार, टेम्प्लेटचा आर्ग्युमेंट.

म्हणून एररचं शीर्षक मोडलेल्या नियमाबद्दल बोलतं, तुमच्या चुकीबद्दल नाही. ते बोट दाखवतं व्हेरिएबलच्या ओळीकडे, आणि दुखणं असतं तीन फंक्शनं आत.

यातूनच उलटा घोटाळाही होतो, तो म्हणजे एरर यायला हवा तिथे न येणं. फंक्शनला लावलेला कॉन्स्टएक्स्प्र ही परवानगी आहे, हमी नव्हे. निकाल साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर आतली तपासणी कंपाइल-टाइमला होईलच असं नाही, आणि चुकीची किंमत रन-टाइमपर्यंत निवांत जाते. हमी हवी असेल तर निकाल कॉन्स्टएक्स्प्र व्हेरिएबलमध्ये घ्या, किंवा सी++२० पासून मिळणारा कॉन्स्टइव्हॅल (कंपाइल-टाइमलाच चालण्याची सक्ती करणारा शब्द) फंक्शनला लावा.

एक उदाहरण जवळून

शब्दाचा हॅश, म्हणजे शब्दावरून ठरणारा एक आकडा, काढणारं एक जुनं, लोकप्रिय सूत्र आहे: ५३८१ पासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक अक्षराला आधीच्या किंमतीला ३३ ने गुणून त्यात अक्षराचा कोड मिळवायचा. हे फंक्शन कॉन्स्टएक्स्प्र आहे आणि हॅश ठेवायला साधा इंट घेतला आहे असं धरा. तीन रोमन अक्षरांचा शब्द दिला की कंपाइल होतं. चार अक्षरांचा दिला की होत नाही.

हिशेब करून बघा. ५३८१ ला एकदा ३३ ने गुणलं की १,७७,५७३, दुसऱ्यांदा ५८,५९,९०९, तिसऱ्यांदा १९,३३,७६,९९७. इथपर्यंत ठीक. चौथ्यांदा गुणल्यावर आकडा ६३८ कोटींच्या वर जातो, आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. चिन्ह असलेल्या पूर्णांकाचं असं ओसंडणं (ओव्हरफ्लो) सी++ मध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे पुढे काय होईल ते भाषा सांगतच नाही. रन-टाइमला बहुतेक मशीनवर आकडा गुपचूप गुंडाळला जातो आणि हॅश ‘चालतो’. कंपाइल-टाइमच्या इंटरप्रिटरला मात्र अनडिफाइन्ड बिहेवियर खपवून घेण्याची मुभा नाही. तिथे थांबणं हा नियमच आहे.

आता दोन कंपायलर हेच कसं सांगतात ते पाहा. क्लँगचं शीर्षक म्हणतं, की या कॉन्स्टएक्स्प्र व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत कॉन्स्टंट एक्स्प्रेशनमधूनच मिळायला हवी. त्याच्या लगेच खाली पहिली नोट येते: अमुक किंमत इंटच्या मर्यादेबाहेर आहे. यात तो ६३८ कोटींच्या वरचा आकडा छापलेला असतो, आणि गुणाकाराची ओळही दाखवलेली असते. त्याखाली ‘या कॉलमध्ये’ अशा नोटा आतून बाहेर येत जातात, आणि प्रत्येकीत कॉलचे आर्ग्युमेंट लिहिलेले असतात, अगदी कोणता शब्द दिला होता तेसुद्धा.

जीसीसीचा क्रम साधारणपणे उलटा. आधी ‘या फंक्शनच्या कॉन्स्टएक्स्प्र विस्तारात’ अशा ओळी बाहेरून आत जातात, आणि खरं कारण, म्हणजे ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशनमध्ये ओव्हरफ्लो’, शेवटी येतं. आकडा तो सांगत नाही.

म्हणून ‘एरर नेहमी खालून वाचा’ किंवा ‘नेहमी वरून वाचा’ यातला कुठलाच सल्ला सरसकट खरा नाही. क्लँगमध्ये शीर्षकाखालची पहिली नोट वाचायची, जीसीसीमध्ये रांगेच्या टोकाची एरर ओळ. मधल्या ओळी या स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठून कुठे कॉल गेला त्याची साखळी, आहेत. तिथे फक्त आर्ग्युमेंट बघा, कारण चुकीची किंमत पहिल्यांदा कुठल्या कॉलमध्ये दिसते तेच शोधायचं असतं. कारण सांगणारी ओळ लायब्ररीच्या हेडरमध्ये निघाली, तर तुमच्या स्वतःच्या फाइलमधला सर्वांत आतला कॉल शोधा. दहातल्या नऊ वेळा चूक तिथे असते. लायब्ररीवर संशय घेणं त्यानंतर.

हॅशचा उपाय एका शब्दाचा आहे: इंटच्या जागी ३२ बिटांचा अनसाइन्ड प्रकार. त्याचं गुंडाळणं भाषेच्या नियमातच बसतं, त्यामुळे कंपाइल-टाइम आणि रन-टाइम दोन्हीकडे एकच उत्तर येतं.

नेहमी भेटणारी कारणं

ओव्हरफ्लोच्याच घराण्यातली आणखी दोन. आठ खणांच्या अ‍ॅरेवर ‘८ पेक्षा लहान किंवा समान’ अशी अट घातलेला लूप, आणि किंमत न देता वाचलेला व्हेरिएबल. पहिल्यात जीसीसी चक्क सांगतो, की ८ हा क्रमांक आठ इंटांच्या अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर आहे. क्लँग मात्र ‘टोकाच्या एक पुढच्या पॉइंटरमधून किंमत भरणं चालत नाही’ अशा शब्दांत बोलतो. अर्थ एकच, पण पहिल्यांदा वाचणारा गोंधळतोच. या तक्रारींना त्रास समजू नका. रन-टाइमला मुकाट्याने शेजारची मेमरी खराब करणारी चूक इथे फुकटात पकडली गेलेली असते.

सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ती जागा वेगळीच आहे. कॉन्स्टएक्स्प्र फंक्शनच्या आत स्टॅटिक असर्ट लिहून पॅरामीटर तपासायला जायचं, उदाहरणार्थ ‘न शून्यापेक्षा मोठा हवा’. कंपायलर म्हणतो, न हा कॉन्स्टंट एक्स्प्रेशन नाही. समोरचा म्हणतो, पण मी तर ५ दिलेत! दोघंही आपापल्या जागी बरोबर. फंक्शनचा कोड एकदाच तपासला जातो, सगळ्या कॉलसाठी मिळून. स्टॅटिक असर्टचा निकाल त्याच वेळी लागायला हवा असतो, आणि तेव्हा न ची किंमत कुणालाच ठाऊक नसते. फंक्शन कॉन्स्टइव्हॅल केलं तरी यात फरक पडत नाही. पॅरामीटर हा आत पॅरामीटरच राहतो. दोनच वाटा आहेत: किंमत टेम्प्लेटचा पॅरामीटर म्हणून घ्या, किंवा स्टॅटिक असर्टऐवजी साधा इफ आणि थ्रो वापरा. थ्रोबद्दल पुढे येतंच आहे.

तिसरं कारण सी++२० नंतर वाढलं. कंपाइल-टाइमला व्हेक्टर वापरता येतो, म्हणून लोक फंक्शनमधून आलेला व्हेक्टर थेट कॉन्स्टएक्स्प्र व्हेरिएबलमध्ये ठेवायला जातात. नियम असा, की कंपाइल-टाइमला घेतलेली मेमरी त्याच मूल्यमापनात परत करायला हवी. ती पुढे रन-टाइमला नेता येत नाही. एरर मात्र ‘हा निकाल ऑपरेटर न्यूमधून आलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो’ असं म्हणत अ‍ॅलोकेटरच्या हेडरकडे नेतो, आणि माणूस तासभर तिथेच घुटमळतो. उपाय: व्हेक्टर आतच वापरा, शेवटी नेमक्या आकाराच्या स्टँडर्ड अ‍ॅरेमध्ये उतरवून तो परत द्या. स्ट्रिंगच्या बाबतीत याची गंमत अशी, की जीसीसीच्या स्टँडर्ड लायब्ररीत १५ अक्षरांपर्यंतची स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या पोटातच मावते, त्यामुळे स्टॅटिक कॉन्स्टएक्स्प्र स्ट्रिंग १५ अक्षरांना चालते आणि सोळाव्याला अडते. असा ‘कधी चालतं, कधी नाही’ प्रकार दिसला की आधी लांबी मोजा.

साधं फंक्शन कॉन्स्टएक्स्प्र करायचं राहून गेलं, ही चूक सोपी. तिथे दोन्ही कंपायलर फंक्शनचं नाव घेऊन सांगतात.

मर्यादा ओलांडली, पण लूप अनंत नव्हता

इंटरप्रिटर कायमचा अडकू नये म्हणून कंपायलर मर्यादा घालतात. क्लँगमध्ये एका मूल्यमापनाला एकूण १०,४८,५७६ पायऱ्या, आणि कॉलची खोली ५१२. जीसीसीमध्येही खोली ५१२. शिवाय एका लूपच्या २,६२,१४४ फेऱ्या आणि एकूण ३,३५,५४,४३२ क्रिया. क्लँग मर्यादेला टेकला की ‘कदाचित अनंत लूप?’ असं विचारतो, आणि माणूस बिचारा नसलेला अनंत लूप शोधत बसतो. दहा लाखांपर्यंतच्या मूळ संख्यांची चाळणी लावली, तर लूप शंभर टक्के बरोबर असूनही दोन्हीकडे अडेल.

जीसीसीच्या लूप-मर्यादेचा एक बारकावा उपयोगी आहे: ती प्रत्येक लूपला वेगळी लागते. दहा लाख फेऱ्यांचा एक लूप अडतो, पण हजार-हजारांचे दोन लूप एकात एक घातले तर या मर्यादेतून सुटतात. अर्थात एकूण क्रियांची मर्यादा तरीही उरतेच. क्लँग सगळ्या पायऱ्या मिळून मोजतो, तिथे ही युक्ती चालत नाही. मर्यादा कमांड-लाइनवरून वाढवता येतात. जीसीसी तर पर्यायाचं नाव एररमध्येच सांगतो. पण वाढवण्याआधी लहान आकड्यावर निकाल तपासून घ्या. शंभरपर्यंतची चाळणीच चुकत असेल, तर मर्यादा वाढवून फक्त वाट बघण्याचा वेळ वाढेल.

संदेशातून काहीच कळत नसेल तेव्हा

सगळ्यात आधी तेच फंक्शन, त्याच आर्ग्युमेंटसह रन-टाइमला चालवा. कॉन्स्टइव्हॅल असेल तर तात्पुरतं कॉन्स्टएक्स्प्र करा आणि निकाल साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या. कंपाइल करताना अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड बिहेवियर हे दोन्ही सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) चालू ठेवा. सॅनिटायझरशिवाय ही पायरी करू नका. उत्तर ‘बरोबर’ येईल आणि दोष कंपायलरवर ढकलला जाईल.

दुसरं, तोच कोड दुसऱ्या कंपायलरला द्या. हा सल्ला वरवरचा वाटतो, पण वरच्या हॅशमध्ये पाहिलंच: आकडा एक सांगतो, दुसरा नाही, अ‍ॅरेच्या हद्दीचं मात्र दुसराच जास्त स्पष्ट बोलतो.

क्लँग लांब ट्रेसमधल्या मधल्या नोटा गाळतो, डीफॉल्टला दहाच ठेवतो. ‘इतके कॉल वगळले’ अशी ओळ दिसली की कॉन्स्टएक्स्प्र-बॅकट्रेस-लिमिट हा पर्याय शून्य करा, सगळे दिसतील. अनेकदा हवा असलेला कॉल नेमका वगळलेल्यांतच असतो.

मधलीच एखादी किंमत बघायची असेल तर छापायची सोय नाही, पण कंपायलरला बोलायला लावता येतं. एक टेम्प्लेट क्लास नुसता जाहीर करा, त्याची व्याख्या लिहू नका. त्याचं नाव समजा ‘दाखव’. आता तुमची कंपाइल-टाइम किंमत त्याला आर्ग्युमेंट देऊन त्या प्रकारचा एक व्हेरिएबल तयार करा. एरर येणारच, आणि त्यात ‘दाखव<४२>’ असं पूर्ण नाव छापलेलं असेल. ४२ ही तुमची किंमत. ओबडधोबड आहे, पण कुठल्याही कंपायलरवर चालतं. स्टॅटिक असर्टमध्ये बरोबरीची तुलना लिहिली तर अलीकडचे जीसीसी आणि क्लँग दोन्ही बाजूंच्या किंमती सांगतात, म्हणून ‘जुळतं का’ असं बूल परत देणारं फंक्शन तिथे वापरण्यापेक्षा थेट ‘हे बरोबर ते’ असं लिहिणं कामाचं.

संदेश लिहिणारे तुम्ही

इंटरप्रिटर थांबतो त्या ओळीचा कोड एररमध्ये दिसतो, आणि न चालणाऱ्या फंक्शनचं नाव दिसतं. या दोन खिडक्यांतून वापरणाऱ्याशी बोलता येतं.

पहिली पद्धत थ्रोची. चुकीच्या फांदीत थ्रो लिहा, सोबत माणसाला कळेल असा मजकूर. सी++२३ पर्यंत कंपाइल-टाइमला थ्रोपर्यंत पोचणं हाच एरर आहे. कंपायलर ती ओळ मजकुरासकट दाखवतो. सी++२६ मध्ये कंपाइल-टाइमला एक्सेप्शन फेकता आणि झेलताही येतं, पण न झेललेलं एक्सेप्शन तिथेही एररच.

दुसरी पद्धत नावाची. एक फंक्शन लिहायचं, मुद्दाम कॉन्स्टएक्स्प्र नसलेलं, आणि त्याचं नावच संदेश असायचं: ‘रंगाच्या कोडमध्ये सहाच अंक हवेत’ या अर्थाचं. चुकीच्या फांदीत ते कॉल करा. कंपायलर म्हणेल, कॉन्स्टएक्स्प्र नसलेल्या अमुक फंक्शनला कॉल. आणि ते अमुक म्हणजे तुमचं वाक्य. जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी फॉरमॅट स्ट्रिंग तपासताना हीच युक्ती करते. डावा महिरपी कंस एकटाच राहिला, तर एररच्या गर्दीत ‘अनमॅच्ड लेफ्ट ब्रेस’ अशा नावाचं फंक्शन सापडतं. ओळींच्या जंजाळात नेमकं तेच शोधायचं असतं. एक्सेप्शन बंद ठेवलेल्या प्रोजेक्टमध्ये ही पद्धत थ्रोपेक्षा बरी.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. अशा फंक्शनची व्याख्याच लिहिली नाही तर कॉन्स्टइव्हॅलमध्ये चालून जातं, पण साध्या कॉन्स्टएक्स्प्र फंक्शनमधून रन-टाइमचा रस्ताही तिथे जात असतो, आणि लिंकर ओरडतो. तिथे व्याख्या लिहा, आत अ‍ॅबॉर्ट ठेवा. दुसरं म्हणजे त्या जागी लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) वापरू नका. सी++१७ पासून लॅम्डा शक्य असेल तिथे आपोआप कॉन्स्टएक्स्प्र होतो, आणि तुमचा अडथळा बिनबोभाट ओलांडला जातो.

तपासणी कुठे ठेवायची हेही महत्त्वाचं. पाच पातळ्या आत गेल्यावर थ्रो केलंत, तर वापरणाऱ्याला पाचही पातळ्या वाचाव्या लागतात. बाहेरच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत तपासलंत, तर तुमचा संदेश आणि त्याचा कॉल शेजारी-शेजारी येतात.

रस्ट आणि झिगमध्ये

रस्टमध्ये कॉन्स्ट फंक्शनच्या आत पॅनिक करायची सोय १.५७ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, स्थिर आहे. ई००८० या एररखाली तुमचा मजकूर जसाच्या तसा दिसतो, आणि ही सोय सी++ च्या युक्त्यांपेक्षा पुष्कळ सरळ आहे. कमी पडतं ते इतकंच, की मजकुरात आकडे भरता येत नाहीत; ‘लांबी ७ आहे, ६ हवी’ असं म्हणायचं तर ७ आधीपासून माहीत हवेत.

रस्टमधली खरी अडचण वेगळी आहे. जेनेरिक प्रकाराच्या आत असोसिएटेड कॉन्स्ट म्हणून असर्ट लिहिला आणि तो कुठेच वापरला नाही, तर तो तपासलाच जात नाही. एरर येत नाही म्हणून सगळं आलबेल वाटतं. कन्स्ट्रक्टरमध्ये त्या कॉन्स्टचा एकदा उल्लेख करावाच लागतो. तसं केल्यावरही कार्गो चेक (रस्टची नुसती झटपट तपासणी) गप्प राहू शकतो आणि कार्गो बिल्ड अडतो, कारण जेनेरिक कोडमध्ये प्रत्यक्ष प्रकार भरून झाल्यावरच या किंमती काढल्या जातात. एडिटरमध्ये लाल रेघ नाही, म्हणजे असर्ट पास झाला असं समजू नका.

झिग या भाषेत कंपाइल-टाइम कोडला मागे जाणाऱ्या १००० उड्यांची (साधारणपणे लूपच्या फेऱ्यांची) मर्यादा असते. ती कमी वाटेल, पण ओलांडल्यावर संदेश थेट सांगतो, की कोटा वाढवायला कोणतं बिल्ट-इन वापरायचं. तिथे फसवतं ते न वापरलेलं फंक्शन. झिग ते बारकाईने तपासतच नाही, त्यामुळे चूक महिनाभर झोपून राहते आणि पहिल्या कॉलला जागी होते.

फंक्शन लिहून झालं की चुकीचं इनपुट देणाऱ्या एक-दोन छोट्या फाइलीही टेस्टमध्ये ठेवा. त्या कंपाइल होता कामा नयेत. सीमेक या बिल्ड साधनाच्या टेस्टमध्ये पास रेग्युलर एक्स्प्रेशन नावाचा गुणधर्म आहे, त्यात कंपायलरच्या आउटपुटमध्ये काय सापडायला हवं ते देता येतं. तिथे कंपायलरचं वाक्य लिहू नका. आवृत्ती बदलली की तेही बदलतं. तुमच्या त्या मुद्दाम ठेवलेल्या फंक्शनचं नाव लिहा.